रा. चोपडा, ह. मु. न्यू जर्सी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पत्ता’ असा कळवला आणि मी चोपड्याची वाट धरली. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याकडे तोंड करून बसलेला हा तालुका. केळी आणि कापूस ही त्याची ओळख. गावाला रेल्वे नाही. गाडी धरायची तर अमळनेर, धरणगाव नाही तर जळगाव गाठावे लागते. तरीही इथल्या नव्या कॉलन्यांतून फिरताना एखाददुसरे घर असे दिसतेच, की रंग ताजा, अंगण झाडलेले, दारावर पाटी आणि कडीला कुलूप. पाटीवर मुख्याध्यापक, बँक अधिकारी, शाखा अभियंता असे काहीतरी आणि त्याखाली ‘सेवानिवृत्त’. मुले एडिसनला, ब्रॅम्प्टनला, मेलबर्नला. आईवडील पहिल्यांदा गेले ते सुनेच्या बाळंतपणाला, मग नातवंडे सांभाळायला, आणि आता राहायलाच.

अशाच एका घराशेजारच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. इथे कोण असते, असे विचारले तर म्हणाले, “घर शे, पन घरमा कोनी नही.”

माणूस नसला तरी पत्ता मात्र चालू असतो. त्याच पत्त्यावर महावितरणचे बिल येते, नगरपरिषदेची घरपट्टीची मागणी येते, बँकेचे केवायसीचे पत्र येते, महसूल खात्याची नोटीस येते. आधार, पासपोर्ट, पॅन, मतदार यादी, पेन्शनचा हुकूम, सगळीकडे तोच. राहणे एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे हे कायद्याला किती चालते, आणि चालते ते कोणाच्या जिवावर, हे मला पाहायचे होते.

दोन फायली

मी ज्यांच्याकडे बसलो ते सर माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला, अमेरिकेचा नागरिक. तिथल्या कायद्याने २१ वर्षांवरचा नागरिक आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो, आणि आईवडिलांच्या वर्गाला वार्षिक कोट्याची रांग नसते. तसे दोघांना ग्रीन कार्ड मिळाले. पण ग्रीन कार्ड टिकवायचे तर तिकडे राहणे खरे असावे लागते. आधी परवाना न घेता सलग वर्षभर बाहेर काढले तर तुम्ही तिथले वास्तव्य सोडले असे धरले जाते. सहा महिने उलटले की विमानतळावरचा अधिकारीही प्रश्न विचारू लागतो. म्हणून यांनी वर्षाचे दोन भाग केले आहेत. जर्सीतली थंडी टाळून दिवाळीच्या आधी यायचे आणि खानदेशातला उन्हाळा टाळून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की निघायचे.

टेबलावर दोन फायली होत्या. एकीवर स्केचपेनने ‘इकडची’, दुसरीवर ‘तिकडची’. इकडचीत घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावलेल्या, घराची मिळकत पत्रिका, गावच्या शेताचा सातबारा आणि आठ-अ, पेन्शन मंजुरीचा हुकूम, भावाला दिलेल्या मुखत्यारपत्राची प्रत, आणि एका पाकिटाला टाचलेली चिठ्ठी: चोपड्याच्या सिमकार्डाचे रिचार्ज कोणत्या तारखांना करायचे. हे सिमकार्ड क्षुल्लक वाटते, पण बँकेचा ओटीपी त्यावर येतो, आधारचा त्यावर येतो. नंबर साधारण ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग घर, शेत, पैसे सगळे जागच्या जागी राहते, फक्त त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही.

सरांनी मला एक जुना दस्त दाखवला. त्यात एका पक्षकाराच्या नावापुढे ‘रा. चोपडा, ह. मु. मुंबई’ असे लिहिले होते. राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक. आपल्या दस्तलेखकांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. दोन्ही खरे असते तेव्हा दोन्ही लिहायचे. या लेखासाठी जितक्या घरांत गेलो, त्यांतल्या बहुतेकांची अडचण दुसरा मुक्काम लपवण्यातून उभी राहिलेली दिसली. पत्ता ठेवण्याला कोणाचीच हरकत नव्हती.

दिवस मोजणारे आणि हेतू विचारणारे

आयकर खात्याला दारावरच्या पाटीशी कर्तव्य नाही. ते दिवस मोजते. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही १८२ किंवा अधिक दिवस भारतात असलात तर रहिवासी. परदेशात राहून इथे भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकाला हीच रेघ लागू होते. फक्त त्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि आधीच्या चार वर्षांत तो इथे ३६५ दिवस राहिलेला असेल तर ती १२० दिवसांवर येते. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यातही हे गणित तसेच ठेवले आहे.

सरांच्या कॅलेंडरवर आम्ही दोघांनी हिशेब मांडला. १५ ऑक्टोबरला आले आणि ३१ मार्चला गेले तर १६८ दिवस होतात. पण आखाजी एप्रिल-मेमध्ये येते. तिच्यासाठी थांबून २० एप्रिलला निघायचे, असे दरवर्षी केले तर एप्रिलचे ते २० दिवस नव्या आर्थिक वर्षात पडतात आणि पुढच्या हिवाळ्याच्या १६८ ला मिळतात. एकूण १८८. सणाचे आठ-पंधरा दिवस माणसाला अनिवासीचा रहिवासी करतात. त्यातून सरांसारखा अलीकडेच जाऊ-येऊ लागलेला माणूस पूर्ण रहिवासी ठरला की त्याचे जगभरचे उत्पन्न इथे मोजले जाते आणि परदेशातली खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात. सरांचे नाव मुलाबरोबर तिकडच्या एका बचत खात्यावर आहे. “ते तर त्यानं सोयीसाठी घातलं,” सरांच्या पत्नी, मॅडम, म्हणाल्या. सोयीसाठी घातलेले नावही खातेच असते. जळगावच्या त्यांच्या कर सल्लागाराने हे सांगेपर्यंत दोघांना त्याची कल्पना नव्हती.

परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, दिवसांबरोबर हेतूही पाहतो. किती काळासाठी ते न ठरवता बाहेर राहायला गेलेला माणूस या कायद्याने अनिवासी होतो. त्यामुळे एकाच वर्षी एकच माणूस आयकराला रहिवासी आणि फेमाला अनिवासी असू शकतो, आणि दोन्ही बरोबर असते. अनिवासी झाल्याचे बँकेला कळवले की बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे साधारण खाते, होते. पेन्शन तिथेच जमा होते, घरपट्टी, लाइट बिल तिथूनच जाते. ठेवींच्या व्याजावर मात्र ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो. विवरणपत्र भरले तर जास्तीचा कापलेला परत मिळतो, पण वाट पाहावी लागते.

या ३० टक्क्यांच्या धास्तीने कित्येक जण बँकेला काही सांगतच नाहीत. केवायसीचे पत्र आले की पुतण्या ‘काका गावाला गेलेत’ म्हणतो. मला हे पटत नाही, आणि ते केवळ नियम मोडतो म्हणून नाही. लपवलेले खाते नेमके गरजेच्या वेळी अडते. व्हिडिओवरून केवायसी करायची तर ग्राहक त्या वेळी भारतात असावा लागतो. व्यवहार थांबून दोन वर्षे झाली की खाते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. आणि फेमाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. ज्याने आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले त्याला सत्तरीत व्याजाच्या चार पैशांसाठी पुतण्याकरवी खोटे बोलवावे लागू नये.

सातबाऱ्यावरचे नाव

सरांची तापीकाठच्या गावी वडिलोपार्जित शेती आहे. अनिवासी माणसाला अशी जमीन ठेवता येते, वारसाने मिळू शकते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, फार्महाउसही नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यांनाही हाच नियम.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. इथल्या कूळ कायद्याने शेतजमीन घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. म्हणून पुण्याला गेलेली, परदेशी गेलेली घरेही आठ-अ वरचे नाव जपतात. मुलाला उद्या परत यावेसे वाटले तर तो शेतकरी म्हणून यावा, एवढीच त्यामागची आस. त्या नावासाठी पाच-दहा गुंठे का होईना, पण राखतात.

जमीन कसतो दुसराच कोणी. कोणी निमबटाईने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, कोणी नफ्याने, म्हणजे वर्षाची ठरीव रक्कम देऊन. आखाजीला सालदारांचे साल बदलते, शेताचे करारही त्याच सुमारास ठरतात. सर आखाजीपर्यंत का थांबतात ते इथे कळते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. तो न्यायच होता. पण जमीनधारक घरांत ‘कूळ लागेल’ ही भीती तेव्हापासून बसली ती अजून बोलली जाते. म्हणून आता करार लेखी आणि एका हंगामापुरता करतात.

नावाबरोबर कामेही येतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली: शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढते. न्यू जर्सीतून तो फोटो निघत नाही. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे; त्यालाही आधारशी जोडलेला मोबाइल लागतो.

पण पत्ता टिकवण्याचे सगळ्यांत मोठे कारण मला नोटिशीत दिसते. जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची वर्दी आली की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवतात आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतात. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शेजाऱ्याने मोजणी मागितली तर लगतधारक म्हणून अशीच नोटीस येते. ती तुमच्या कागदावरच्या पत्त्यावर येते. घेणारा कोणी नसेल तर ती दाराला चिकटवली जाते, आणि पंधरा दिवस कोणासाठी थांबत नाहीत. एडिसनहून अपील करता येते, पण तोवर गावात नोंद झालेली असते.

यावर एक चांगला उपाय सरकारनेच दिला आहे आणि फार थोड्यांना तो ठाऊक आहे. महाभूमीच्या ‘आपली चावडी’ या डिजिटल नोटीस बोर्डावर गावनिहाय सुरू असलेले फेरफार कोणालाही, कुठूनही पाहता येतात. सरांच्या मुलाला मी तिथेच व्हिडिओ कॉलवर ते दाखवले. त्याने आपल्या गावाचे पान उघडून ओळखीची नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा सर हातातले काम टाकून ऐकत बसले.

मतदार यादीतला माणूस

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की गावात घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला ‘सर्वसाधारण रहिवासी’ ठरत नाही. तेच कलम हेही सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत देशातली कितीतरी माणसे राहतात. अर्थमंत्री झालेले डॉ. मनमोहन सिंग १९९१ साली आसाममधून राज्यसभेवर गेले ते गुवाहाटीतल्या तेव्हाचे मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांच्या घराचे भाडेकरू म्हणून दिलेल्या पत्त्यावर. तेव्हा त्या राज्याचे मतदार असणे बंधनकारक होते. २००३ साली संसदेने ती अट काढली आणि २००६ मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. अर्थमंत्र्यालाही पत्ता सांभाळावा लागला होता, तर मुख्याध्यापकाची काय कथा.

परदेशात राहणाऱ्या, पण भारताचे नागरिकत्व न सोडलेल्या माणसासाठी २०१० च्या दुरुस्तीने सरळ रस्ता केला. नमुना ‘६ अ’ भरायचा, जुने मतदार ओळखपत्र परत करायचे, आणि पासपोर्टवर जो भारतातला पत्ता असेल त्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव लावायचे. ग्रीन कार्ड असलेल्याला हे करता येते, कारण तो अजून भारतीयच आहे. ज्याने अमेरिकी पासपोर्ट घेतला त्याचा मताचा हक्क मात्र नागरिकत्वाबरोबर संपतो. ओसीआय कार्डाने तो हक्क परत मिळत नाही. मतदानाला स्वतः यावे लागते, मूळ पासपोर्ट घेऊन. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला अशा मतदारांची नोंद १ लाख १९ हजारांवर असली तरी मत द्यायला आलेले ३ हजारही नव्हते, आणि त्यातले बहुतेक केरळचे.

चोपडा विधानसभेला स्वतंत्र आणि लोकसभेला रावेरमध्ये. इथे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघर फिरणाऱ्या एका शिक्षिकेला मी बंद घरांबद्दल विचारले. गैरहजर, स्थलांतरित, मयत अशा खुणा तिला कराव्या लागतात. “सर आमचे मुख्याध्यापक होते,” ती म्हणाली. “त्यांच्या नावापुढं स्थलांतरित लिहिताना हात जड होतो. पण ते सहा महिने इथं नसतात हे मलाही दिसतं ना.” २०२५ मध्ये बिहारच्या फेरतपासणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, तेव्हापासून कुलूपबंद घरांचे मालक या विषयावर जास्त हळवे झाले आहेत. सरांनी ‘६ अ’ चा नमुना छापून आणला आहे. त्यात मुक्काम एडिसन आणि पत्ता चोपडा, दोन्ही लिहिण्याची जागा आहे.

नोव्हेंबर

पेन्शनधारकाचा नवा वर्षारंभ नोव्हेंबरात असतो. बँकेत कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावासमोर सही करायची, म्हणजे पेन्शन पुढे चालू. २०१४ पासून जीवन प्रमाण आले, अंगठ्याच्या ठशावर हयातीचा दाखला मिळू लागला. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही. परदेशात असलेल्यांना भारतीय वाणिज्य दूतावासात दाखला साक्षांकित करून मिळतो. दूतावास त्यासाठी देवळांत, गुरुद्वारांत शिबिरेही भरवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिरातल्या अशाच शिबिराच्या वेळी बाहेर मारामारी झाली आणि टोरांटोच्या दूतावासाने सुरक्षेअभावी पुढची काही शिबिरे रद्द केली. भारत-कॅनडाच्या भांडणात म्हाताऱ्या माणसांची हयात अडकली. सरांना हा प्रश्न येत नाही. ते नोव्हेंबरात चोपड्यातच असतात, आणि रांगेत जुने सहकारी भेटतात.

उलटी वाट

याच गावात मला उलट दिशेने आलेले एक गृहस्थ भेटले. टेक्सासमध्ये इंजिनिअर म्हणून उभे आयुष्य काढून ते पत्नीसह चोपड्याला परतले आहेत. अमेरिकी नागरिक, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने चोपडा हेच परदेश. त्यांनी पत्ता ठेवला आहे मुलीच्या घराचा. तिकडच्या काही बँका आणि दलाल कंपन्या परदेशी पत्ता म्हटले की खाते चालवायला नाखूश असतात. सोशल सिक्युरिटीचे पैसे भारतात मिळतात. मेडिकेअर मात्र अमेरिकेबाहेरच्या उपचारांना जवळजवळ नाहीच. तरी तिचा हप्ता ते भरत राहतात, कारण थांबवला आणि पुन्हा घ्यायचा झाला तर दर बारा महिन्यांच्या खंडामागे दहा टक्के जास्त. १९८६ च्या कायद्याने तिथे शेवटी जिथे राहत होते त्या पत्त्यावरून त्यांना टपालाने मतही देता येते. घरबसल्या, चोपड्याहून. सरांना जे जमत नाही ते यांना जमते, आणि आपल्याकडे टपाली मताचा हा प्रश्न आणखी किती वर्षे भिजत ठेवायचा, असे मला मनापासून विचारावेसे वाटते.

तिकडे राज्यही निवडावे लागते. टेक्सास, फ्लोरिडा, साउथ डकोटा यांना उत्पन्नावर राज्याचा कर नाही, म्हणून परदेशी जाण्याआधी लोक तिथला पत्ता घेतात. आपल्याकडे राज्ये असा कर लावत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्येच सांगितले की भारतात अधिवास एकच, भारताचा. तहसीलमधून मिळणारा अधिवासाचा दाखला महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास पाहतो, आणि तो मुख्यतः प्रवेश आणि नोकरीसाठी लागतो. निवृत्त माणसाला त्याची गरज क्वचितच पडते.

पायथ्याची माणसे

चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. तिथल्या पावरा, भिल्ल, तडवी पाड्यांकडे पाहिल्याशिवाय या तालुक्यातल्या पत्त्याची गोष्ट पुरी होत नाही. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिली आणि कागदावर मात्र अतिक्रमणधारक ठरली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवण्याची संधी दिली, आणि पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही मान्य केला. त्या जबाबांसाठी, पावत्यांसाठी, दंडाच्या जुन्या चिठ्ठ्यांसाठी लोकांनी किती खेटे घातले ते इथल्या कोणत्याही पाड्यावर ऐकायला मिळते. सहा महिने नसूनही सरांचा पत्ता कोणी पुसत नाही; बारा महिने असूनही यांचा पत्ता लिहिला जात नव्हता. हा फरक कायद्याचा कमी आणि फाइल सांभाळता येण्याचा जास्त आहे.

किल्ली

सरांच्या घराची किल्ली त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोकडे असते. भाऊ गावी शेतात, काकू चोपड्यातल्या जुन्या घरी. दर आठवड्याला येऊन दारे-खिडक्या उघडायच्या, नळाला पाणी येते का पाहायचे, बिले उचलायची, फोटो काढून पाठवायचे. पोस्टमन त्यांनाच ओळखतो. मुखत्यारपत्र मात्र त्यांच्या नवऱ्याच्या नावाने आहे, सर एडिसनला असताना तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवलेले. परदेशातून आलेल्या अशा कागदावर राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. ती धावपळही काकूंनीच केली होती. देणारा माणूस वारला की तो कागद तिथेच संपतो, हे दोघांपैकी कोणाला माहीत नव्हते. त्यानंतर तिकडचा मृत्यूचा दाखला अपोस्टिल करून आणायचा, आणि वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, यांच्याकडे कानबाई बसते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढतात. काकूंनी या वर्षी कोणाकोणाची काढली ते मला बोटांवर मोजून सांगितले: सासरे गेल्यापासून दीर वडील, म्हणून आधी सर, मग नवरा, मग मुलगा, मग एडिसनचा पुतण्या, मग त्याचा तिथे जन्मलेला मुलगा. हे पोर चोपड्याला एकदाच आले आहे, जन्माने अमेरिकी नागरिक आहे, आणि कानबाईच्या हिशेबात त्याची मूठ पूर्ण धरली जाते. हे सांगताना आपण काही विशेष सांगतोय असे काकूंना वाटत नव्हते. मला मात्र वाटले की या घराचा पत्ता ज्यांनी टिकवला त्यांच्या नावाची मूठ कोणत्याच मापात नाही. ना रोटांत, ना मुखत्यारपत्रात, ना घरपट्टीच्या पावतीवर.

मी सरांना तसे म्हणालो. सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग मॅडमच म्हणाल्या, “मी हे कधीचं म्हणतेय. कागद तिच्या नावानं करा.” आता ते भारतात असल्यामुळे दूतावासाची गरज नाही, दुय्यम निबंधकांसमोर इथेच नोंदवता येईल. विक्रीचा अधिकार द्यायचा नाही, नोटीस घेणे, हरकत नोंदवणे, मोजणीला हजर राहणे, पीक पाहणी, कर आणि बिले भरणे, बटाईचा करार करणे, एवढेच लिहायचे असे ठरले. काकूंनी दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या. घराची दुरुस्ती विचारायला रात्री फोन लावावा लागू नये म्हणून ठरावीक रकमेपर्यंत खर्चाची मुभा, आणि त्या कामाचे वर्षाचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यात. सरांनी दोन्ही कलमे स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली.

त्याच आठवड्यात गावच्या शेताशेजारच्या गटाची मोजणी निघाली होती. नोटीस काकूंनीच घेतली होती, पाकिटावर तारीख टाकून. बांधावरचा निंब कोणाच्या हद्दीत येतो हे सरांना सांगता येईना; भूमी अभिलेखच्या माणसांना ते दाखवायला बुधवारी काकू जाणार होत्या.